वणीचे परतीचे तिकीट

संगणकाच्या पुस्तकांतून एकात एक वर्तुळांची आकृती वारंवार भेटते. मध्ये यंत्र, त्याभोवती कर्नल, बाहेर वापरकर्त्याचे प्रोग्राम. आकृती खोटी नाही. पण एका प्रश्नाला ती बगल देते, असे आम्हांला वाटते. साध्या प्रोसेसरवर एका वेळी एकच प्रोग्राम चालतो. मग आपला प्रोग्राम चालू असताना पहाऱ्यावर कोण? यवतमाळ-पुसदकडच्या एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हे विचारले, तर वर्तुळे मुकी राहतात.

उत्तर सापडते ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या १९९१ मधील लिनक्स ०.०१ च्या मूळ संहितेत. (सी-डॅकची 'बॉस' प्रणाली पुढे लिनक्स कर्नलवरच उभी राहिली.) इंटेल ८०३८६ प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या ० ते ३ अशा चार पायऱ्या आहेत. कर्नल ० वर, आपले प्रोग्राम ३ वर. सुरुवातीला सारा कारभार ० वरच चालतो. तेथून ३ वर 'जा' असा हुकूम प्रोसेसर मानत नाही. ३ वरून आलेल्याला 'परत जा' म्हटलेले मात्र चालते. पण नुकत्याच जाग्या झालेल्या कर्नलकडे ३ वरून कोणी आलेलेच नसते!

तेव्हा कर्नल चक्क बनावट पुरावा तयार करतो. वणीहून कधी न आलेल्याने यष्टीत वणीचे परतीचे तिकीट दाखवावे, तसा. स्टॅकवर तो पाच आकडे रचतो. त्यांतला एक, चालू संहितेचा विभाग सांगणारा, आहे १५. फळ्यावर तो द्विमान पद्धतीत मांडून पाहावा: ११११. शेवटचे दोन अंक ११, म्हणजे पायरी ३. कर्नलचा स्वतःचा आकडा ८, म्हणजे १०००, शेवटी ००. मग 'व्यत्ययातून परत' ही आज्ञा. प्रोसेसर तिकीट खरे मानतो. गंमत म्हणजे परतीचा पत्ता असतो लगेच पुढच्याच ओळीचा. जागा जवळपास तीच, अधिकार मात्र गेले.

या तुकड्याला नाव आहे 'मूव्ह टू यूजर मोड'. ते आम्हांला पटत नाही. नावात जाणे आहे, आत परतणे. नवख्याला जे कळायला हवे, तेच झाकले गेले. आजच्या लिनक्समध्ये पहिली प्रक्रिया कर्नलमध्येच जन्मते, मग 'इनिट' प्रोग्राम धारण करते. उतरते मात्र परतीच्याच वाटेने.

आणि पहारेकरी? प्रोसेसरमधले ते दोन अंक, आणि घड्याळ. ०.०१ मध्ये ते सेकंदाला १०० वेळा व्यत्यय आणी, आणि दर वेळी कारभार पुन्हा पायरी ० वर, कर्नलच्या हाती येई.