मंगळागौरीचे जागरण : स्त्रीमनाच्या उपचाराचा एक लोकविधी

प्रस्तावना :
मंगळागौरीच्या खेळांचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. एक, सौभाग्यव्रताचा भाग म्हणून आणि दुसरा, स्त्रियांना घडणारा व्यायाम म्हणून. अलीकडे दुसऱ्या विचाराला अधिक मान्यता मिळते. फुगडी, झिम्मा, पिंगा यांनी शरीर लवचीक राहते, हे खरेच आहे. परंतु तेवढ्याने या खेळांतील शब्दांचे स्पष्टीकरण मिळत नाही. व्यायामाला सासू, नणंद आणि सवत कशासाठी लागते? प्रस्तुत लेखात गिरगाव-दादर परिसरातील मंगळागौरीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सालेन्तोची कोळीण :
तुलनेसाठी दक्षिण इटलीतील एक लोकविधी उपयुक्त ठरतो. सालेन्तो या शेतीप्रधान भागात 'तारांता' नावाची कोळीण चावल्याने स्त्रीला व्याधी जडते, अशी लोकसमजूत होती. व्हायोलिन व खंजिरी घेऊन वादक घरी येत आणि ती स्त्री थकून शांत होईपर्यंत नाचत असे. या नृत्यसंगीताला 'पित्सिका' म्हणतात. पुढे २९ जून रोजी, संत पॉलच्या सणाला, अशा स्त्रिया गालातीना येथील त्याच्या प्रार्थनागृहात जात. एर्नेस्तो दे मार्तिनो यांनी १९५९ मध्ये संगीत-अभ्यासक व मनोविकारतज्ज्ञ यांना सोबत घेऊन या विधीचा क्षेत्रीय अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते हा दंश बहुतांशी प्रतीकात्मक होता. मनाविरुद्ध झालेला विवाह, दडपलेली इच्छा, कष्टाचे ओझे यांना कोळिणीचे नाव मिळत असे आणि नाव मिळाल्यामुळेच त्यावर उपाय करता येत असे.

महाराष्ट्रात याला वरवर जवळचा प्रकार म्हणजे अंगात येणे. तेथेही स्त्रीचे बोलणे देवीचे म्हणून ऐकले जाते. मंगळागौरीत मात्र कोणी आजारी नसते, कोणाच्या अंगात येत नाही. म्हणूनच तिचे उपचारमूल्य नजरेआड राहते.

मौन आणि जागरण :
श्रावणातील मंगळवारी नवविवाहिता वशेळ्यांसह गौरीची पूजा करते. दुपारचे जेवण मौन पाळून घेण्याचा प्रघात आहे. रात्री मात्र त्याच स्त्रिया जागरण करतात, गातात, एकमेकींना उखाण्यांत अडवतात. दिवसाचे मौन आणि रात्रीचा मोकळा आवाज या दोन टोकांत या विधीची रचना सामावली आहे. 'सासू-सून' किंवा 'सवत' या खेळांत उणीदुणी काढण्याची मुभा असते. 'नाच गं घुमा' या खेळात नाचायला सांगितलेली स्त्री आपल्याजवळ काय काय नाही याचा पाढा वाचते आणि हा नकारच नृत्य होतो. माधवी देसाई यांनी आपल्या सहजीवनातील वेदना सांगणाऱ्या आत्मकथनाला हेच शीर्षक दिले, ही बाब या खेळातील दुःखाची खूण पटवणारी आहे.

येथे महत्त्वाचा आहे तो श्रोतृवर्ग. गिरगावातील चाळीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जागरण मांडले की ते गॅलरीत आणि शेजारच्या खोलीत पसरे. ऐकणाऱ्यांत आई असे तशी सासूही असे. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच समोर, परंतु खेळाच्या आडून बोलायचे, ही सोय अन्यत्र दुर्मीळ होती. लालबाग-परळच्या गिरणगावात चित्र निराळे होते. अनेक कामगारांची कुटुंबे कोकणात वा घाटावर राहत. त्यामुळे तेथील स्त्रीचे असे रिंगण बहुधा गावाकडे, गौरी-गणपतीच्या फुगड्यांत भरत असे.

उपचाराची मर्यादा :
मात्र या विधीचा गौरव करताना त्याचे कुंपण विसरता येत नाही. वशेळी म्हणून बसण्याचा मान सवाष्णीलाच होता. जिला मन मोकळे करण्याची सर्वाधिक गरज होती, ती विधवा या रिंगणाबाहेर राहिली. शिवाय जागरण संपले की सून पुन्हा त्याच स्वयंपाकघरात परतत असे. ताण हलका होई; ताणाचे कारण कायम राही. दे मार्तिनो यांच्या अभ्यासातील स्त्रियांनाही दरवर्षी उन्हाळ्यात तोच दंश पुन्हा जाणवत असे, हे साम्य बोलके आहे.

घरातून रंगमंचाकडे :
मेल्पिन्यानो येथे १९९८ पासून पित्सिकाचा भव्य संगीतमहोत्सव भरू लागला. पूर्वीची व्याधी आता प्रादेशिक अभिमानाचे चिन्ह झाली आहे. मुंबईतही मंगळागौर घरातून सभागृहात आली. सादरीकरण करणारे गट तयार झाले, स्पर्धा होऊ लागल्या. केदार शिंदे दिग्दर्शित 'बाईपण भारी देवा' (२०२३) या चित्रपटात दुरावलेल्या सहा बहिणी अशाच एका स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात. त्या नवविवाहिता नाहीत, हे लक्षणीय आहे. व्रताची अट गळून पडली आणि प्रौढ स्त्रीला, एकटीलाही, रिंगणात येण्याची वाट मिळाली. मात्र सभागृहात सासूची जागा परीक्षकाने घेतली. ज्याला ते उणेदुणे लागू नाही अशा प्रेक्षकासमोर गाऱ्हाणे केवळ गंमत होऊन राहते. चित्रपटातील बहिणींचा सलोखाही बक्षिसापेक्षा तालमीच्या सहवासातून घडत जातो.

समारोप :
सारांश, मंगळागौरीचे उपचारमूल्य केवळ शारीरिक हालचालीत नसून बोलण्याच्या परवानगीत आणि ऐकणाऱ्यांच्या उपस्थितीत आहे. परंपरेने ही परवानगी निवडक स्त्रियांना, एका रात्रीपुरती दिली. आधुनिक मंचाने ती अधिक जणींना दिली, परंतु ऐकणारे बदलले. महाविद्यालयांतून हे खेळ बसवताना नऊवारी आणि नथ यांच्याइतकेच त्यातील शब्दांकडे लक्ष दिले जावे. अन्यथा नाच उरेल आणि घुमाचे म्हणणे मात्र ऐकू येणार नाही.