ध्वनिमात्रामापकाचा आकडा आणि यंत्रमाग कामगाराचा कान : एक चिकित्सा

प्रस्तावना

गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हळूहळू येते, वेदना देत नाही आणि एकदा आले की जात नाही. कारण आंतरकर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी मानवी शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच या व्याधीच्या प्रतिबंधात मोजमापाला पहिले स्थान आहे. स्थिर ध्वनिपातळीमापक जागेचा आवाज मोजतो, तर कामगाराच्या खांद्यावर बसवलेला वैयक्तिक ध्वनिमात्रामापक, म्हणजेच डोसिमीटर, माणसाबरोबर पाळीभर फिरतो. या दृष्टीने त्याचे श्रेष्ठत्व मान्य करावे लागते. मात्र त्याने टक्केवारीत दिलेला आकडा तापमापीच्या आकड्याइतकाच वस्तुनिष्ठ असतो, असा जो समज रूढ आहे, त्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात यंत्रमाग उद्योगाच्या संदर्भात केली आहे.

आकडा कसा तयार होतो ?

डोसिमीटर सुरू करण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. आठ तासांसाठी कोणती पातळी 100 टक्के मानायची, ही निकष पातळी. किती डेसिबल वाढल्यावर अनुज्ञेय वेळ निम्मा करायचा, हा विनिमय दर. आणि कोणत्या पातळीखालील आवाज हिशेबातच धरायचा नाही, ही उंबरठा पातळी. अमेरिकेतील 'ओशा' या नियामक संस्थेचा निकष 90 डेसिबल (ए) व विनिमय दर 5 डेसिबल आहे. तेथीलच 'नायॉश' या संशोधन संस्थेने 1998 मध्ये 85 डेसिबल व 3 डेसिबल यांची शिफारस केली.

या निवडीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा कामगार आठ तास 89 डेसिबल आवाजात राहिला असे मानू. ओशाचा निकष व 90 चा उंबरठा धरल्यास त्याची मात्रा शून्य टक्के येते. उंबरठा 80 केल्यास तीच 87 टक्के होते, आणि नायॉशच्या पद्धतीने 252 टक्के. कामगार तोच, दिवस तोच, उपकरणही तेच. तरी एका हिशेबाने तो सुरक्षित आणि दुसऱ्याने मर्यादेच्या अडीचपट धोक्यात ठरतो.

विनिमय दराचे गृहीतक

3 डेसिबलने पातळी वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे 3 डेसिबलचा दर समान ऊर्जेच्या तत्त्वावर उभा आहे. 5 डेसिबलच्या दरामागे मात्र निराळे गृहीतक आहे : दिवसभरात आवाज अधूनमधून थांबतो व कानाला विसावा मिळतो. इचलकरंजी, भिवंडी वा मालेगाव येथील धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये हे गृहीतक टिकत नाही. एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. त्याचा एक माग बंद पडला तरी शेजारचे चालूच असतात. मजुरी कापडाच्या उत्पादनावर अवलंबून असल्याने विसावा म्हणजे उत्पन्नाचा तोटा. शेडमधील पातळी 100 डेसिबल मानल्यास बारा तासांच्या पाळीची मात्रा ओशाच्या हिशेबाने 600 टक्के, तर नायॉशच्या हिशेबाने 4800 टक्के होते. दोन्ही आकडे मर्यादेबाहेरचे आहेत. पण ध्वनिरोधासाठी किती खर्च करावा, हे ठरवताना या दोहोंतील अंतर निर्णायक ठरते.

भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाखालील आदर्श नियमांनी आठ तासांसाठी 90 डेसिबल आणि 5 डेसिबलच्या दराशी सुसंगत असे कोष्टक स्वीकारले. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपण हा अधिसूचनीय रोग होता. परंतु वीज वापरणाऱ्या कारखान्यास किमान 10 कामगारांची अट असल्याने असंख्य लहान शेड त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हीच अट 20 वर नेली. जेथे मोजमाप सर्वाधिक गरजेचे, तेथेच ते बंधनकारक नाही, ही विसंगती त्यामुळे वाढली आहे.

क्षेत्रीय मर्यादा

आयएसओ 9612 या मानकानुसार मायक्रोफोन खांद्याच्या सुमारे 4 सेंटिमीटर वर व कर्णद्वारापासून किमान 10 सेंटिमीटर दूर असावा, तसेच मोजणीच्या आधी व नंतर अंशशोधन करावे. कपड्याचे घर्षण, मायक्रोफोनला लागलेला धक्का किंवा त्याच्याजवळ ओरडून बोलणे यांमुळे मात्रा फुगते. उलटपक्षी, कामगाराने कानात बोळे घातले आहेत की नाही, हे खांद्यावरच्या मायक्रोफोनला कळत नाही. म्हणून मोजणी करणाऱ्याने पाळीभर निरीक्षणाची नोंद ठेवणे अपरिहार्य आहे.

निष्कर्ष

निकष व दर न सांगता केवळ 'मात्रा इतके टक्के' असे लिहिणारे शोधनिबंध तुलनेसाठी निरुपयोगी ठरतात. महाविद्यालयीन प्रकल्पांतही तिन्ही मूल्ये, अंशशोधनातील फरक व पाळीची लांबी नमूद करणे अनिवार्य मानावे आणि 3 डेसिबलच्या दराने येणारा आकडा सोबत द्यावा. आर्थिक कारणास्तव सैल मर्यादा स्वीकारावी, असे कोणी म्हणू शकेल. परंतु तो अर्थकारणाचा निर्णय आहे, ध्वनिशास्त्राचा नव्हे, हे उघडपणे मान्य करावे लागेल. उपकरण ऊर्जा मोजते. किती श्रवणहानी सह्य मानायची, हे माणसेच ठरवतात. ज्यांच्या कानांविषयी हा निर्णय होतो, त्या कामगारांना त्यात स्थान असले पाहिजे.