लिनक्स कर्नलमधील स्ट्रिंग-नक्कल करणाऱ्या सहायक फंक्शन्सची पुनर्रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना :

कार्यप्रणालीचा अभ्यास करताना प्रक्रिया-नियोजन, स्मृती-व्यवस्थापन, फाईल प्रणाली यांसारख्या मोठ्या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे जाते. या सर्वांच्या तळाशी राबणारी पाच-दहा ओळींची सहायक फंक्शन्स मात्र उपेक्षित राहतात. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलमधील अशाच एका कुळाचा, म्हणजे एका जागेतील अक्षरे दुसऱ्या जागेत उतरवणाऱ्या फंक्शन्सचा, विचार केला आहे. स्ट्रकॉपी, स्ट्र-एन-कॉपी, स्ट्र-एल-कॉपी आणि स्ट्र-एस-कॉपी ही ती भावंडे होत. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ग्रंथामुळे रूढ झालेल्या अर्थानुसार रिफॅक्टरिंग म्हणजे बाह्य वर्तन न बदलता आतील रचना सुधारणे. कर्नलमधील या बदलांना तोच शब्द सर्रास लावला जातो. तो लावणे योग्य आहे काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

विवेचन :

सी भाषेत स्ट्रिंगची लांबी स्वतंत्रपणे नोंदलेली नसते. शेवटी असलेला शून्य बाइट हीच तिची सीमा. स्ट्रकॉपी ही सीमा सापडेपर्यंत नक्कल करीत जाते. गंतव्य जागा किती आहे याची तिला खबर नसते. (प्रयोगशाळेत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण नाव वीस अक्षरांच्या जागेत भरणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो आणि कार्यक्रम का कोसळला हे विचारतो.) कर्नलमध्ये हीच चूक झाली तर प्रश्न एका कार्यक्रमापुरता राहत नाही. लगतची स्मृती बिघडते आणि संपूर्ण यंत्राचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

स्ट्र-एन-कॉपी हा त्यावरचा उपाय, असा एक व्यापक गैरसमज आहे. वस्तुतः तिचे प्रयोजन निराळे होते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये निर्देशिकेतील फाईलच्या नावाला १४ बाइटांची ठरावीक जागा होती. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरावी, नाव नेमके १४ अक्षरांचे असेल तर शेवटचे शून्य नसले तरी चालेल, हा तिचा करार. ठरावीक लांबीच्या रकान्यासाठी तो उत्तम आहे. सामान्य स्ट्रिंगसाठी मात्र तो घातक ठरतो, कारण शेवटच्या शून्याची हमी मिळत नाही.

ओपनबीएसडीच्या परंपरेतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी स्ट्र-एल-कॉपी आणली. ती शेवटचे शून्य निश्चित ठेवते, परंतु परत करते ती मूळ स्ट्रिंगची संपूर्ण लांबी. म्हणजे आठ बाइट हवे असले तरी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचावीच लागते आणि मूळ स्ट्रिंगलाच सीमा नसेल तर वाचन परक्या स्मृतीत शिरते. २०१५ मध्ये लिनक्स ४.३ मध्ये स्ट्र-एस-कॉपी समाविष्ट झाली. ती आवश्यक तेवढेच वाचते, जागा अपुरी पडल्यास नक्कल छाटून शेवटी शून्य ठेवते आणि ई-टू-बिग ही ऋण त्रुटी-संख्या, म्हणजे उणे ७, परत करते. स्ट्र-एल-कॉपी पुढे लिनक्स ६.८ मध्ये, म्हणजे २०२४ साली, कर्नलमधून पूर्णपणे काढून टाकण्यात आली. गंमत अशी की, अनेक वर्षांच्या विरोधानंतर ग्लिबसी या ग्रंथालयाने तिचा स्वीकार केला तो २०२३ मध्ये!

नव्या फंक्शनची श्रेष्ठता निर्विवाद आहे. वाद आहे तो जुन्या आवाहनांच्या जागी ते बसवण्याच्या रीतीचा. स्ट्र-एल-कॉपीच्या परतीच्या मूल्याची बेरीज करीत एखाद्या बफरमध्ये पुढेपुढे लिहीत जाणारा भाग घ्या. तेथे केवळ नाव बदलले, तर छाटणी झाल्याक्षणी बेरीज सातने घटते आणि पुढचे लेखन मागे सरकते. कंपायलर याविरुद्ध ब्रही काढत नाही. स्ट्र-एन-कॉपीच्या बाबतीत धोका अधिक सूक्ष्म आहे. ती उरलेली जागा शून्यांनी भरत असे. स्ट्र-एस-कॉपी तशी भरत नाही. एखादी संरचना जशीच्या तशी वापरकर्त्याच्या प्रक्रियेकडे पाठवली जात असेल, तर त्या न भरलेल्या बाइटांतून कर्नलच्या स्मृतीतील जुना मजकूर बाहेर जातो. सुरक्षिततेसाठी केलेला बदलच गळतीचे कारण व्हावा, हा दैवदुर्विलास नव्हे. तो जुन्या फंक्शनचा करार अपुरा वाचल्याचा परिणाम होय. यासाठीच २०१९ मध्ये उरलेली जागा शून्यांनी भरणारे स्ट्र-एस-कॉपी-पॅड हे रूप आले, तर शेवटचे शून्य नको असलेल्या रकान्यांसाठी पुढे स्ट्र-टू-मेम हे वेगळे साधन तयार झाले. एकच स्ट्र-एन-कॉपी आजवर किती परस्परभिन्न कामे निमूटपणे करीत होती, हे या फाटाफुटीवरून ध्यानात येते.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१५ मध्ये स्ट्र-एस-कॉपी स्वीकारतानाच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. नवे, सुधारित फंक्शन आले की किरकोळ बदलांच्या पॅचेसची रीघ लागते. ते इतके कंटाळवाणे असतात की कोणी बारकाईने तपासत नाही आणि त्यातूनच नवे दोष शिरतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रस्तुत लेखकाला हा इशारा योग्य वाटतो. मात्र त्यातून ‘जुने तसेच राहू द्यावे’ असा निष्कर्ष काढणे मान्य करता येत नाही. धोकादायक फंक्शन उपलब्ध राहिले की नवा लेखक ते पुन्हा वापरतो. म्हणून स्ट्र-एल-कॉपीचे उच्चाटन योग्यच होते.

खरा निकष पॅचसोबतच्या निवेदनात सापडतो. स्ट्र-एन-कॉपी बदलणाऱ्या चांगल्या पॅचेसमध्ये गंतव्य जागेला शेवटचे शून्य लागते काय, उरलेली जागा भरणे आवश्यक आहे काय आणि हे कोणत्या ओळीवरून ठरवले, याची नोंद आढळते. बदल एका ओळीचा आणि स्पष्टीकरण पंधरा ओळींचे, हे प्रमाण काहींना हास्यास्पद वाटेल. पण ज्या पॅचमध्ये केवळ ‘जुने फंक्शन बदलले’ एवढेच लिहिलेले असते, तो बरोबर असला तरी त्याचे बरोबर असणे तपासनीसाला नव्याने सिद्ध करावे लागते. कॉक्सिनेलसारखे साधन आवाहनांचा आकार ओळखून शेकडो ठिकाणी बदल सुचवू शकते. त्या रकान्याचा पुढे उपयोग काय होतो, हे त्या आकारात लिहिलेले नसते. केयुनिटच्या चाचण्याही सहायक फंक्शन तपासतात, त्याला हाक मारणारा ड्रायव्हर नव्हे. अनेक ड्रायव्हर ज्या यंत्रांसाठी लिहिले ती यंत्रे पॅच लिहिणाऱ्याकडे नसतात, ही अडचण वेगळीच.

तेव्हा फाउलर यांच्या अर्थाने पाहता हे रिफॅक्टरिंग नव्हे. येथे बाह्य वर्तन बदलते, आणि ते बदलावे हाच हेतू असतो. त्याला कराराची दुरुस्ती म्हणणे अधिक अचूक ठरेल. तसे म्हटले की तपासणीही त्याच काटेकोरपणे करावी लागते.

एका गोष्टीबाबत मात्र कर्नलच्या विकसकांना दोष दिलाच पाहिजे. चार फंक्शन्स, चार भिन्न करार आणि नावांत फरक एखाद्या अक्षराचा! २०२४ मध्ये गंतव्य जागेचा आकार आपोआप ठरवणारे स्ट्र-एस-कॉपीचे दोन आर्ग्युमेंटचे रूप आले, त्यामुळे आकार चुकीचा देण्याची शक्यता घटली. परंतु ‘एन’ आणि ‘एस’ यांतील अंतर वाचणाऱ्याच्या डोळ्याला आजही तितकेच जाणवते, जितके ते पूर्वी जाणवत होते.