बाबा पदमनजींचें 'अरुणोदय' : गुप्त मत आणि प्रकट निष्ठा

(१)

बाबा पदमनजी यांचें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र इ. स. १८८८ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झालें. मराठींतील आरंभींच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. तरीही इतिहाससंशोधकांच्या टिपणांत त्याचें नांव येतें तें बहुधा एकाच कारणासाठीं, म्हणजे परमहंस सभेच्या माहितीसाठीं. तेवढीं पानें उतरून घ्यावयाचीं आणि बाकीचा ग्रंथ धर्मप्रचाराचा म्हणून मिटून ठेवावयाचा, अशी वहिवाट पडली आहे. ही वहिवाट सदोष आहे, आणि उतरून घेतलेल्या पानांचा अर्थही बाकीचा ग्रंथ वाचल्यावांचून लागत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. तें येथें मांडतों.

प्रथम एक कबुली देणें प्राप्त आहे. शाळेच्या नोकरींतून निवृत्त होण्यापूर्वीं एका जुन्या ग्रंथसंग्रहाची छाननी करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. पोथ्या, बखरींचीं बाडें, सनदा व हिशेबाचे कागद आम्हीं मोठ्या काळजीनें निराळे काढले. मिशनचीं छापील पुस्तकें, जुन्या ख्रिस्ती मासिकांचे अंक आणि त्यांत मिसळलेलीं कांहीं हस्तलिखित टांचणें मात्र एकत्र बांधून त्या गठ्ठ्यावर 'निरुपयोगी' अशी चिठ्ठी आमच्याच हातानें लाविली. पुढें तो गठ्ठा रद्दींत गेला. टांचणें कोणाचीं व कोणत्या सालचीं होतीं, हें पाहण्याचेंही कष्ट आम्हीं घेतले नव्हते. 'अरुणोदय' आम्हीं नीट वाचलें तें त्यानंतर, आणि ती चिठ्ठी तेव्हांपासून मनास टोंचत आहे. पुढील परीक्षण या ऋणाची अंशतः फेड म्हणून लिहिलें आहे.

(२)

बाबांचा जन्म इ. स. १८३१ मध्यें बेळगांवीं कासार ज्ञातींतील एका भाविक घराण्यांत झाला. घरांत व्रतें, पूजा व पोथीवाचन यांचें वातावरण होतें. शिक्षण बेळगांवच्या मिशन शाळेंत व पुढें मुंबईस फ्री चर्चच्या शाळेंत झालें. तारीख ३ सप्टेंबर १८५४ रोजीं बेळगांवास त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें. 'अरुणोदय' प्रसिद्ध झालें तें त्यानंतर चौतीस वर्षांनीं, आणि त्यांचा अंत इ. स. १९०६ मध्यें झाला.

वाचक ग्रंथ हातीं घेतो तेव्हां एका धर्मांतून दुसऱ्या धर्मांत मन कसें वळलें, याची हकीकत मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. ती हकीकत ग्रंथांत आहेच. परंतु बाबांची बुद्धि बाप्तिस्म्यापूर्वीं बराच काळ पालटलेली होती. ख्रिस्ताचें वचन सत्य आहे हें मनानें मान्य करणें आणि तें चारचौघांत बोलून त्याप्रमाणें वागणें, यांच्या मधला जो काळ गेला तोच या ग्रंथाचा गाभा होय. घरांत एक आचार, मनांत दुसरा विचार आणि मित्रमंडळांत तिसरेंच बोलणें, अशा तिहेरी जगण्याची लाज लेखकानें फारशी झांकपाक न करितां सांगितली आहे.

संस्कृताच्या अभ्यासकांस ही अवस्था एका परिचित भेदानें चांगली उकलतां येईल. मीमांसकांनीं वेदवाक्यांत विधि व अर्थवाद असा भेद केला आहे. विधि कर्तव्य सांगतो. अर्थवाद स्तुति किंवा निंदा करून त्या कर्तव्याकडे मन वळवितो. येशूच्या उपदेशाची वाहवा करणारे सुशिक्षित हिंदू त्या काळच्या मुंबईंत कांहीं कमी नव्हते. त्यांनीं तो उपदेश अर्थवाद म्हणून ऐकला आणि त्यांतील नीति उत्तम आहे असें म्हणून ते स्वस्थ राहिले. बाबांस त्याच वचनांत विधि दिसूं लागला. मनुष्यांसमोर आपला स्वीकार करावा, अशी ख्रिस्ताची अपेक्षा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत आहे, व बाप्तिस्म्याची आज्ञा त्याच शुभवर्तमानाच्या शेवटीं आहे. विधि ऐकल्यावर 'मला तो पटतो' हें उत्तर पुरें पडत नाहीं. तो पाळणें किंवा मोडणें एवढे दोनच मार्ग उरतात. 'अरुणोदया'चा नायक बराच काळ या दोहोंच्या मध्यें उभा राहूं पाहतो, आणि तेथें उभें राहावयास जागा नाहीं हें त्यास हळूहळू कळतें.

बाप्तिस्मा म्हणजे केवळ बाह्य उपचार, असा आक्षेप त्या काळीं घेतला जात असे व आजही घेतला जातो. तो घेणाऱ्यांनीं आपल्याकडील संकल्पाचा विधि आठवावा. संकल्प मनांतल्या मनांत होत नाहीं. देश, काल, नांव व गोत्र उच्चारून, हातांत पाणी घेऊन तो सोडावा लागतो. 'मी, अमुक ठिकाणीं, अमुक दिवशीं' असें बोलल्यावर कर्ता त्या शब्दांनीं बांधला जातो. बाप्तिस्म्यांतील प्रकट स्वीकार याच जातीचा आहे.

(३)

त्या काळच्या समाजाची घडण लक्षांत घेतल्यावांचून या स्वीकाराची किंमत कळणार नाहीं. आमच्या समाजानें विचारास मोकळीक पुष्कळ दिली होती. ईश्वर न मानणारीं दर्शनें आमच्याच शास्त्र्यांनीं शिकविलीं. बंधन होतें तें आचारावर. पाणी कोणाच्या हातचें प्यालें, पंगत कोणाबरोबर केली, यावर ज्ञाति मनुष्याची परीक्षा घेत असे. इ. स. १८४३ मधील श्रीपत शेषाद्रि याचें प्रकरण प्रसिद्ध आहे. त्याचा वडील बंधु नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाला होता. श्रीपत अज्ञान मुलगा होता. कोर्टानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. परंतु तो मिशनच्या घरीं राहिला व जेवला होता, म्हणून त्यास ज्ञातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मोठा वाद माजला, आणि परत घेण्याचा पक्ष धरणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. त्या मुलाचा विश्वास काय होता, हा प्रश्न त्या वादांत गौण होता. तो जेवला, एवढेंच पाहिलें गेलें.

इ. स. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म बदलणाराचा वारसाहक्क बुडूं नये अशी तजवीज केली. म्हणजे बाबांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां कायदा त्यांच्या बाजूस होता. पण कायद्यानें मिळकतीचा वांटा राखतां येतो. स्वयंपाकघराची चौकट ओलांडण्याची मुभा देतां येत नाहीं. पतिपत्नींची ताटातूट होई तिचें काय करावें, यासाठीं सरकारास इ. स. १८६६ मध्यें निराळा कायदा करावा लागला. घरच्या माणसांच्या शोकाचीं जीं वर्णनें 'अरुणोदयां'त येतात, तीं या दोन कायद्यांच्या मधल्या काळांतील आहेत. कायद्याच्या पुस्तकांत जें सांपडत नाहीं, त्याचें हें साधन होय.

(४)

आतां परमहंस सभेकडे वळूं. ही सभा इ. स. १८४९ मध्यें मुंबईस स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रवर्तक व राम बाळकृष्ण हे अध्यक्ष होते. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी व एका ईश्वराची प्रार्थना करावी, हे तिचे हेतु होते. सभासद परजातीच्या हातचें खाऊन जातिबंधन झुगारल्याची खूण देत. परंतु हें सर्व बंद दाराआड चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत प्रकट व्हावयाचें नाहीं, असा बेत होता. इ. स. १८६० मध्यें सभेचीं कागदपत्रें चोरीस जाऊन नांवें बाहेर फुटलीं, व भयानें सभा मोडली. तिच्यांतील कांहीं मंडळींनीं पुढें, इ. स. १८६७ मध्यें, प्रार्थनासमाजाच्या रूपानें उघड कार्य आरंभिलें.

बाबा स्वतः या सभेंत होते. त्यामुळें त्यांची हकीकत ऐकीव नसून प्रत्यक्षदर्शीची आहे. येथें एक गोष्ट आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. दादोबांचें आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनीं इ. स. १९४७ मध्यें प्रसिद्ध केलें. पण दादोबांची स्वतःची कथा सभेच्या स्थापनेपूर्वींच थांबते. ज्यांनीं सभा उभारली ते तिच्याविषयीं मौन राहिले, आणि जो ती सोडून गेला त्यानें लिहिलें. प्रियोळकरांनीं इ. स. १९६६ मध्यें सभेवर व तिच्या अध्यक्षांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून पुष्कळ माहिती एकत्र केली. तथापि गुप्त राहिलेल्या संस्थेच्या इतिहासासाठीं प्रकट झालेल्या मनुष्याची साक्ष काढावी लागते, ही वस्तुस्थिति बदलत नाहीं. यांत योगायोगाचा भाग थोडा आहे. गुप्ततेंत कागद ठेवणें धोक्याचें असतें. ज्यानें आपलें नांव एकदां चारचौघांत सांगितलें, त्यास तें कागदावर लिहिण्याचें भय उरत नाहीं.

(५)

मात्र ही साक्ष जशीच्या तशी घेतां कामा नये. तिचे दोष तीन आहेत. पहिला कालाचा. चौतीस वर्षांनंतर लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो, आणि शेवट ठाऊक असला म्हणजे वाटेवरचीं सर्व वळणें त्याच्याकडेच नेणारीं दिसतात. ग्रंथाचें नांवच पाहा. अरुणोदय म्हटल्यावर मागें अंधार असलाच पाहिजे. घरांतील भक्तीचा कांहीं उजेड तेथें होता कीं काय, याचा विचार लेखक पुरेसा करीत नाहीं. दुसरा दोष पक्षाचा. सभासदांचें भय त्यास दिसतें. त्यांचा हेतु निराळा होता, हें तो लक्षांत घेत नाहीं. त्यांस समाज सोडावयाचा नव्हता, आंत राहून बदलावयाचा होता. एकास घर सोडण्याची आज्ञा झाली असें वाटलें म्हणून घरांत राहिलेला प्रत्येक जण भित्रा ठरत नाहीं. तथापि इ. स. १८६० मध्यें नांवें फुटतांच सभा कोसळली, हें बाबांच्या बाजूचें प्रमाण आहे, व तें आम्हांस नाकारतां येत नाहीं.

तिसरा दोष आमच्या मतें सर्वांत मोठा. ग्रंथ पूर्ववयाचा आहे. त्याचा ओघ बाप्तिस्म्याकडे धांवतो व तेथें विसांवतो. पण आज्ञापालन हें एका दिवसाचें कर्म नव्हे. त्यानंतरच्या रोजच्या जिण्यांत तें कसें पाळलें, हें जाणण्यासाठीं वाचकास ग्रंथाबाहेर जावें लागतें. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनीं, इ. स. १८५७ मध्यें, त्यांनीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांचीं दुःखें मांडलीं, आणि पुढें आयुष्यभर मराठींत शेंकडों पानें लिहिलीं. ज्या समाजानें दूर केलें त्याच्याच भाषेची व त्याच्याच स्त्रियांची सेवा करणें, हें त्या संकल्पाचें उत्तरकर्म होतें असें आम्ही समजतों. 'अरुणोदयां'त त्याचा एखादा अध्याय असता तर ग्रंथ अधिक पूर्ण झाला असता.

इंग्रजी भाषांतराविषयीं एक शब्द. मरे मिचेल यांनीं संपादिलेलें तें भाषांतर इ. स. १८९० मध्यें लंडनास निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ 'एकदां हिंदु, आतां ख्रिस्ती' असा आहे. मूळ नांवांत प्रकाश हळूहळू वाढतो; भाषांतराच्या नांवांत एका रेघेनें दोन तुकडे पडतात. मधला संशयाचा काळ, जो आम्हीं ग्रंथाचा गाभा म्हटला, तो त्या रेघेखालीं झांकला जातो. म्हणून संशोधकानें मूळ मराठीच वाचावें.

(६)

हाच प्रश्न इतरांसही पडला होता. काशीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचिला, आणि इ. स. १८४८ मध्यें जौनपुरास स्वतःच बाप्तिस्मा घेतला. त्यांचा खंडनग्रंथ हस्तलिखितांत टिकून इ. स. १९५१ मध्यें उज्जयिनीस छापला गेला. उलट नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, आणि इ. स. १९१७ मध्यें 'देवाचा दरबार' स्थापून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यांत जागा दिली. प्रकट निष्ठेस बाप्तिस्मा हवाच काय, हा प्रश्न त्यांनीं पुन्हा उघडला. पण टिळकांचा दरबारही उघडाच होता. त्यांनीं विधीचें रूप सैल केलें, गुप्ततेस मात्र थारा दिला नाहीं.

असो. आम्ही ख्रिस्ती नाहीं, व बाबांनीं आमच्या शास्त्रांविषयीं काढलेलीं कित्येक अनुमानें आम्हांस मान्य नाहींत. परंतु जें पटलें तें नांव, गांव व तारीख घालून सांगणें, आणि त्याचा भार जन्मभर वाहणें, ही गोष्ट कोणत्याही धर्मांत दुर्मिळ आहे. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, स्थळ व शक असला म्हणजे आपण ती अधिक विश्वासानें हातीं घेतों. 'अरुणोदय' ही अशीच सही केलेली साक्ष आहे.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतील पत्रें, मंडळ्यांचीं टिपणें व बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या दृष्टीस पडल्यास त्या बाजूस सारूं नयेत. निदान त्यांची यादी करावी, आणि वर साल, स्थळ व मालकाचें नांव लिहावें. आम्हीं लाविली तशी चिठ्ठी दुसऱ्या कोणीं लावूं नये.