प्रार्थनेतला 'मी' आणि प्रार्थनेतले 'आम्ही'

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा निघाली की आपले समीक्षक बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबतात. धर्मांतरितांनी मराठी गद्याला काय दिले, हा पहिला. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांवर तुकोबांचा ठसा किती, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी जी प्रार्थना, जे शास्त्रवाचन, जी कौटुंबिक उपासना या माणसांना शिकविली गेली, तिने प्रार्थना करणाऱ्या माणसाचे काय केले? त्याला ताठ उभे केले, की वाकायला शिकविले?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे घर नगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आले. त्याच्या मंडळ्यांत पुढे जे लोक आले, ते बहुसंख्येने महार आणि मांग. आमच्या भावकीतली काही घरे 1956 नंतर बौद्ध झाली, काही ख्रिस्तीच राहिली. एका भिंतीपलीकडे त्रिशरण-पंचशील आणि अलीकडे प्रभूची प्रार्थना, असे दोन्ही आवाज ऐकत मी वाढलो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून महाविद्यालयात शिकवायला लागलो, तेव्हा अभ्यासक्रमात टिळक भेटले, लक्ष्मीबाई भेटल्या, बाबा पदमनजी भेटले. आमची आजी मात्र कोठे भेटली नाही. ख्रिस्ती भक्तीचा मराठी इतिहास लिहिला गेला तो लिहिता-वाचता येणाऱ्या धर्मांतरितांचा. त्यांतली ठळक नावे प्रामुख्याने वरच्या जातींतली आहेत. ज्यांच्या जोरावर मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या प्रार्थना कोणी टिपून ठेवल्या नाहीत.

प्रथम टिळकांचाच विचार करू. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांनी मोजली. जात गेली, नातलग गेले, पत्नी काही वर्षे दुरावली. 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. या माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न त्यांच्या प्रार्थनेच्या आशयाचा आहे. 'अभंगांजली'तील भक्त ख्रिस्ताला गुरू मानतो, माउली मानतो, आणि त्याची मुख्य तळमळ ही की आपला 'मी' सुटावा आणि ख्रिस्तच उरावा. भक्तीच्या वाटेवर वाढणे म्हणजे 'मी'ने रोज थोडे थोडे कमी होत जाणे, असे हे गणित आहे. चित्पावन घरात जन्मलेल्या, विद्वत्तेचा मान मिळालेल्या कवीच्या बाबतीत ते मला पटते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'मी'चा मुबलक पुरवठा झालेला आहे, त्याला तो टाकून देण्यात मुक्ती सापडू शकते. पण गावकुसाबाहेरच्या माणसाने काय टाकायचे? ज्याला स्वतःच्या सावलीबद्दलही माफी मागावी लागली, जोहार घालताना ज्याचा आवाज आपोआप खाली गेला, त्याला हीच प्रार्थना दिली तर ती त्याच्या जुन्या गुलामगिरीलाच नवे, पवित्र नाव देते. एकच औषध, पण रोग वेगळे. आत्मविसर्जनाची भाषा सर्व माणसांना सारखीच लागू आहे असे समजणे, हा सवर्ण अनुभवाला सार्वत्रिक मानण्याचा जुनाच प्रकार आहे.

हे लक्ष्मीबाईंनी, त्या भाषेत नव्हे पण आपल्या परीने, ओळखले होते असे मला वाटते. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परतल्यावरही या बाईने आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. तिचे सोवळे कोणा उपदेशकाने एका दिवसात फेडले नाही. विचार करता करता तिने स्वतःच ते एकेक पदर सोडले आणि टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. तिच्या श्रद्धेच्या वाढीत 'मी' कमी होत नाही, तो घडत जातो. ती नवऱ्याशी भांडते, स्वतःला हसते, देवाशीही सलगीने बोलते. ज्या स्त्रीला सगळ्यांनी गप्प राहायला शिकविले तिची भक्ती बोलकी होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे.

याहून अवघड उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठातल्या भगिनींनी आज्ञाधारकपणाचा आग्रह धरला, तेव्हा आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा वाचायला मिळतो. पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे ख्रिस्ती धर्म आपल्या हाती लागला होता, ख्रिस्त लागला नव्हता. म्हणजे श्रद्धेची वाढ ही एका दिवसाच्या विधीची बाब नव्हे, हे त्यांनी स्वतःवरून जाणले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी प्रार्थनेला कामाची जोड दिली. शेती, विणकाम, छापखाना आणि प्रार्थना एकाच दिवसाच्या वेळापत्रकात बसविली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणले. ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण स्वरूपात निघाले. पंडितांना शोभणारी संस्कृतप्रचुर भाषा त्यांना लिहिता येत होती. ती त्यांनी बाजूला ठेवली, कारण वाचणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

आणि तरीही 1905 चे केडगाव आठवले की मी अडखळतो. त्या वर्षी तेथे मोठे संजीवन झाले. शेकडो मुली आणि बाया एकाच वेळी, मोठ्याने, रडून प्रार्थना करीत. ज्यांचा आवाज घरातही कोणी ऐकला नव्हता त्या मुलींनी असा आकाशाला भिडणारा आवाज काढावा, हे विलक्षण होते. पण त्या रडत होत्या कशासाठी? प्रामुख्याने आपल्या पापांसाठी. त्यांतल्या कित्येक 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत आई-बाप गमावलेल्या, कित्येक बालविधवा. दुष्काळात सरकार काय करीत होते, सावकार काय करीत होता, विधवेचे केस कोणी कापले, याचा जाब त्या रडण्यात कोठे होता? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच पश्चात्ताप करायचा, आणि ज्यांनी केला ते प्रार्थनेच्या बाहेर मोकळे फिरणार!

बाबासाहेबांचा आक्षेप नेमका येथे आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले आणि 1989 साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आले. तुझ्या अधोगतीचे कारण चुकीची सामाजिक व धार्मिक व्यवस्था आहे, तिच्यावर हल्ला कर, असे मिशनऱ्यांनी धर्मांतरिताला सांगायला हवे होते. त्याऐवजी तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली, असे सांगितले गेले. हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. ख्रिस्ती मित्रांना तो झोंबतो. पण प्रार्थनेच्या पुस्तकांवर ही कसोटी लावून पाहावी. तिच्यात किती तथ्य आहे ते चटकन कळते.

मग ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे केवळ वाकण्याचे शिक्षण, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? तसे करता येत नाही, आणि त्याचे कारण त्याच ग्रंथात आहे. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. त्यांत भक्त देवाला विचारतो की तू झोपलास काय, आणि आणखी किती काळ. तो जुलूम करणाऱ्यांविरुद्ध न्याय मागतो. अनुवादाच्या 26 व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली अर्पण करताना काय म्हणायचे ते दिलेले आहे. तेथे भक्त आधी आपल्या भटक्या पूर्वजाचे नाव काढतो, मिसरात आपल्याला कसे राबविले ते सांगतो, आणि मग अर्पण करतो. इतिहासाची आठवण हाच तेथे भक्तीचा पहिला भाग आहे. अरविंद निर्मल यांनी 1981 साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविचाराची मांडणी केली, आणि पुढील लेखनात याच वचनांच्या आधारे दलित ख्रिस्ती माणसाचा श्रद्धोच्चार उभा केला. आमचे पूर्वज कोण होते आणि त्यांच्यावर काय लादले गेले, हे विसरून केलेली प्रार्थना अपुरी, असे त्यांचे सांगणे होते. हा विचार नगरच्या मंडळ्यांत आणि आपल्या समीक्षेत जितका पोचायला हवा होता तितका पोचला नाही.

आता आजीविषयी. ती निरक्षर होती. येशूने सांगितले आहे की प्रार्थना करताना आतल्या खोलीत जावे आणि दार लावून घ्यावे. आमच्या घराला आतली खोलीच नव्हती. एकच खण, त्यात नऊ माणसे. त्यामुळे तिची खाजगी भक्ती आम्हा सर्वांना ऐकू येई. पहाटे खुरपायला जाण्याआधी ती गुडघ्यावर बसे आणि एकेकाचे नाव घेई. आजारी शेजारीण, बाळंतीण सून, गाभण शेळी, भिंतीपलीकडच्या बौद्ध घरातला बेकार पुतण्या. ज्या बागायतदाराने आठवड्याची मजुरी बुडविली होती त्याचेही नाव घेऊन, 'देवा, त्याच्याकडं बघ', एवढेच ती म्हणे. रविवारी पाळकसाहेब सर्वांना पापी म्हणायला लावीत, तेव्हा तीही म्हणे. घरच्या प्रार्थनेत मात्र तो शब्द मी क्वचितच ऐकला. तिथे ती हिशेब मांडत असे.

प्रभूची प्रार्थना तिला पाठ होती. त्या प्रार्थनेकडे टीकाकाराच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यात 'मी' कोठेच नाही, सगळीकडे 'आम्ही' आहे. ती भाकर मागते ती सर्वांसाठी, आणि मराठी बायबलात तिच्यातला शब्द 'ऋण' असा आहे. ज्याच्या घरावर सावकाराचे कर्ज आहे त्याला या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. टिळकांच्या अभंगात 'मी' हा 'तू'मध्ये विरतो. येथे 'मी' हा 'आम्ही'मध्ये उभा राहतो. दलितांच्या दृष्टीने श्रद्धेची वाढ मोजायची असेल तर माप हेच आहे. वर्षानुवर्षे प्रार्थना करून माणसाचा 'आम्ही' किती रुंद झाला?

या मापाने मंडळ्यांनाही उत्तर द्यावे लागेल. एकाच भाकरीचे प्रभुभोजन घेणारे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती सोयरीक जमविताना पुन्हा जुन्या जातीची चौकशी करतात, हे मी जवळून पाहिले आहे. अशा घरांत रोजची उपासना चुकत नाही, पण तिचा 'आम्ही' उंबऱ्याबाहेर पडत नाही. शासनानेही या भक्तीवर आपला शिक्का मारून ठेवला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलिताला तो अजून नाही. परिणामी कागदावर एक धर्म आणि गुडघ्यावर दुसरा, अशी कुचंबणा अनेकांच्या वाट्याला येते. प्रार्थनेसाठी दार लावून घ्यावे लागते, पण येशूने सांगितले होते त्यापेक्षा फार वेगळ्या कारणासाठी.

आपल्या चळवळीतल्या मित्रांना शेवटी एक सांगायचे आहे. रोजची उपासना म्हटली की आपण हसतो. पण बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या केवळ एकदा उच्चारण्यासाठी नव्हत्या. पंचशील आपण पुन:पुन्हा म्हणतो, कारण गुलामगिरी माणसाच्या अंगात सवयीने मुरलेली असते आणि ती सवयीनेच काढावी लागते. त्रिशरणात कोणापुढे याचना नाही, प्रार्थनेत आहे. हा फरक मोठा आहे आणि तो पुसण्याची गरज नाही. पण रोज म्हटलेले शब्द माणूस घडवितात, हे दोन्हींकडे खरे आहे. म्हणून ते शब्द कोणते आहेत, हे तपासणे समीक्षेचे काम ठरते.

विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. वाड्या-वस्त्यांवर अजून अशा बाया आहेत, ज्यांच्या तोंडच्या प्रार्थना कोणत्याही उपासनापुस्तकात नाहीत. त्या त्यांच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात आणि ओव्यांइतक्याच गंभीरपणे वाचाव्यात. त्यांत पाप किती वेळा येते आणि अन्याय किती वेळा, देवाकडे काय मागितले जाते आणि कोणासाठी, हे पाहावे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे जे प्रकरण टिळकांपासून सुरू होऊन टिळकांपाशीच संपते, ते त्यानंतर नव्याने लिहावे लागेल.