धर्मांतराची आत्मकथने : चिकित्सा आणि मुक्ती

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मांतराच्या आत्मपर लेखनाकडे मराठी समीक्षा बहुधा दोन सोयीस्कर दृष्टींनी पाहत आली आहे. हे लेखन एक तर प्रबोधनाच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते, नाहीतर मिशनरी प्रचाराची उपज म्हणून बाजूला सारले जाते. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ याला अपवाद ठरला; परंतु त्याचा गौरवही प्रामुख्याने भाषेच्या साधेपणासाठी आणि विनोदासाठी झाला. परिणामी ह्या लेखनाच्या गाभ्याचा प्रश्न अविचारितच राहतो : वारशाने आलेल्या श्रद्धा तपासणाऱ्या व्यक्तीला ख्रिस्ती श्रद्धेत जी मुक्ती लाभल्याचे ती सांगते, ती नेमकी कशापासूनची आणि कितपत पूर्ण?

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८४) येथे प्रथम विचारात घ्यावे लागते. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेले पदमनजी मुंबईत परमहंस सभेच्या संपर्कात आले. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या ह्या सभेत जातिभेद अमान्य करणारे तरुण गुप्तपणे सहभोजन करीत आणि घरी मात्र पंगतीचे नियम पाळीत. विचाराने मोकळे आणि आचाराने बद्ध, अशी ही दुभंग अवस्था होती. १८५४ मधील बाप्तिस्म्याने पदमनजींपुरती ती संपुष्टात आली. चिकित्सेचा निष्कर्ष त्यांनी उघड जगण्यात आणला. मात्र ग्रंथाची रचना ह्या मुक्तीला मर्यादा घालते. शीर्षकातच निकाल लागलेला आहे. निवेदक पहाट झाल्यानंतरच्या जागेवरून बोलतो. त्यामुळे बालपणीचा देवधर्म तपशिलाने येत असला, तरी तो अंधाराच्या बाजूनेच मोजला जातो. चिकित्सा येथे बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ती तेथे नव्याने सुरू होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो आज्ञाधारक नवख्रिस्ती स्त्रीचा पत्रव्यवहार नाही. चर्चची मते पटल्याशिवाय स्वीकारण्यास रमाबाई तयार नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर चर्चच्या वरिष्ठांनी आक्षेप घेतला, तेव्हा तोही त्यांनी निमूटपणे मानला नाही. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून सुटल्यावर दुसऱ्याच्या सत्तेखाली जाणार नाही, ही त्यांची भूमिका. धर्मांतर म्हणजे साम्राज्यसत्तेपुढील शरणागती, असे सरसकट मानणाऱ्यांनी ही पत्रे अवश्य वाचावीत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) हीच प्रक्रिया शास्त्रार्थाच्या पातळीवरून स्वयंपाकघरात उतरते. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले, अशी हकिगत आरंभीच येते. बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात चालत नसे. वारशाने आलेली श्रद्धा ही येथे तत्त्व म्हणून येत नाही. तिच्या मुळाशी भय आहे, हे दिसते. फेब्रुवारी १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या; पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. मग जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सिद्ध होतात. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. लक्षणीय गोष्ट ही, की निवेदिका पूर्वीच्या स्वतःला हसते, पण तिचा धिक्कार करीत नाही. सोवळे पाळणारी लक्ष्मी आणि ते टाकणारी लक्ष्मी ह्या एकाच आवाजात बोलतात. ‘अरुणोदया’त जे साधले नाही ते येथे साधते, जुन्या श्रद्धेपासून सुटताना ती बाळगणाऱ्या माणसांपासून तुटावे लागत नाही.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ह्या लेखनातील मुक्तीचे माप धर्माचे नाव बदलण्यात नसून, बदलल्यानंतरही तपासण्याचा अधिकार शिल्लक राहतो की नाही, ह्यात आहे. दुसरी अधिक अडचणीची आहे. आपली सेक्युलर समीक्षा ह्या चिकित्सेचे स्वागत करते, आणि तिच्यामागची श्रद्धा मात्र समाजसुधारणेचे आवरण समजून दूर करते. परंतु रमाबाई बिशपांना प्रश्न विचारू शकतात, त्या ईश्वर बिशपांहून श्रेष्ठ आहे ह्या खात्रीमुळेच. लक्ष्मीबाईंचा प्रश्नही देवाच्या अस्तित्वाला नसून देवाच्या नावाने माणसांनी केलेल्या व्यवस्थेला आहे. येथे श्रद्धा चिकित्सेच्या विरोधात उभी नाही. तिच्यामुळेच चिकित्सेला पाय रोवण्यास जागा मिळते. ती वगळून उरणारा अर्थ आपल्याला सोयीचा असेल, पण तो त्यांचा नव्हे.