अनाथ कोण : औषध की रोगी?

आज एका चांगल्या कायद्याची चिकित्सा करायची आहे. चांगला म्हणतो ते उपरोधाने नव्हे. अमेरिकेत जानेवारी १९८३मध्ये ‘ऑर्फन ड्रग ॲक्ट’ झाला. ज्या रोगाचे रुग्ण थोडे, त्यावर औषध काढणं कंपन्यांना परवडत नसे. अशा औषधाला कुणी वाली नाही, म्हणून ते ‘अनाथ’. आधीच्या दशकात कंपन्यांनी अशी दहा औषधंसुद्धा आणली नव्हती, नंतर शेकडो आली. कायद्याने दिलं काय? चाचण्यांच्या खर्चावर करसवलत आणि मंजुरीनंतर सात वर्षांची मक्तेदारी. म्हणजे तेवढा काळ त्या रोगासाठी तेच औषध विकायची परवानगी दुसऱ्याला नाही.

आता एक उदाहरण बघू. लॅम्बर्ट-ईटन हा स्नायू दुबळे करणारा विरळा आजार. पायांतली शक्ती जाते, जिना चढवत नाही. त्यावर ॲमिफॅम्प्रिडिन हे औषध उपयोगी पडतं, हे ज्ञान जुनंच. न्यू जर्सीतली जेकोबस ही छोटी कंपनी अनेक वर्षं ते रुग्णांना फुकट देत होती. पण रीतसर मंजुरी आधी मिळवली कॅटलिस्ट या दुसऱ्या कंपनीने, नोव्हेंबर २०१८मध्ये. किंमत ठरली वर्षाला पावणेचार लाख डॉलर! २०१९मध्ये जेकोबसला मुलांपुरती मंजुरी मिळाली, तर कॅटलिस्ट कोर्टात गेली. सप्टेंबर २०२१मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या शब्दांनुसार संरक्षण संपूर्ण रोगापुरतं आहे, एका वयोगटापुरतं नाही, असं कोर्ट म्हणालं.

कुणी म्हणेल, कॅटलिस्टने चाचण्या करून पुरावा उभा केला. फुकट वाटप शेवटी देणाऱ्याच्या मर्जीवर. हे खरं आहे. श्रमाला मोबदला हवाच. पण किती, हे कायदा विचारतच नाही. गंमत बघा, कंपनी पुरेसं औषध पुरवू शकली नाही, तर मक्तेदारी काढून घेण्याची तरतूद या कायद्यात आहे. किंमत रुग्णाच्या आवाक्याबाहेर गेली, तर मात्र नाही. गोदामात माल आहे ना, मग पुरवठा झाला! औषध हे साधन, रोग्याला आराम हे साध्य. कायद्याने साधन मोजलं आणि साध्य गृहीत धरलं.

अशी अट घालता येत नाही, असंही नाही. युरोपच्या २०००च्या नियमांत दहा वर्षांची मक्तेदारी आहे; पण पाच वर्षांनंतर नफा पुरेसा दिसला, तर ती सहावर आणता येते.

आपल्याकडे २०१९च्या नियमांनी ‘अनाथ औषधा’ची व्याख्या केली : देशात पाच लाखांपर्यंत रुग्ण. २०२१चं धोरण आलं, मदत पन्नास लाखांपर्यंत गेली. जन्मभर घ्यायच्या महागड्या औषधाला ती किती दिवस पुरणार? उद्या कंपन्यांना सवलती द्यायची वेळ आली, तर जरूर द्याव्यात. मात्र किमतीची अट त्याच कलमात हवी, नंतरच्या परिपत्रकात नको. नाहीतर औषधाला वाली मिळेल आणि रोगी होता तिथेच राहील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.